न दिलेलं टिंब

ऑफिसात तिला सगळे कडीताई म्हणत. हे नाव कुणी प्रेमाने ठेवलं असं समजू नका. कुणी खोलीतून बाहेर पडलं की ही मागून ओरडायची, "कडी लावली का?" पुढे लोक तिला तोंडावरच त्या नावाने हाक मारू लागले आणि तिनेही ओ दिली. बाई कटकटी होती, पण रुसकी नव्हती.

घराबाहेर पडताना ती कुलूप ओढून बघे. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत जाई, परत येई आणि पुन्हा ओढून बघे. गॅसचं बटण बंद असल्याचं डोळ्यांना दिसलं तरी हाताला कळल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. याचं कारण तिच्या बालपणात शोधायला जाल तर हात हलवत परत याल. तिचे आईवडील दार सताड उघडं टाकून दुपारभर घोरत पडणारे, आणि त्यांच्या घरातून कधी चमचासुद्धा गेला नाही. काही माणसांच्या जिवाला जन्मापासूनच स्वस्थता नसते, तशी ही. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणायचा, "माझ्याकडे लोक दिसत नाही म्हणून येतात. हिला नसलेलंही दिसतं. हिला कुठला नंबर देऊ?" लेक कॉलेजात जायला लागल्यापासून बापाच्या पार्टीत गेली होती. "आई, तू निघ, आम्ही दोघं गॅसवर पहारा देतो," असं म्हणून ती बापाला टाळी द्यायची.

अशा माणसाला पगार देऊन काळजी करायला ठेवणारं ऑफिस मिळालं, हे मात्र तिचं नशीब. हॉस्पिटलात पेशंटच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारे पंप असतात ना, त्यांचं सॉफ्टवेअर ही कंपनी लिहायची. सगळ्यांनी लिहिलेला कोड एका ठिकाणी साठवलेला असे, त्याला सगळे रेपो म्हणत. कुणी कधी कुठली ओळ घातली, कुठली काढली, याचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास त्यात होता. पंपात जे जायचं ते तिथूनच जायचं. म्हणजे रेपोत कुणी गुपचूप एक ओळ फिरवली, तर ती थेट कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या शिरेपर्यंत पोचणार. ते होऊ द्यायचं नाही, हे कडीताईचं काम. तिचे नियम साधे होते. प्रत्येक बदलावर तो करणाऱ्याची डिजिटल सही हवी, आणि दुसऱ्या कुणीतरी तो बदल वाचून मंजूर केल्याशिवाय तो आत जाणार नाही. मंजूर करताना बाकीचे लोक "बघितलं" असं लिहीत. ती "वाचलं" लिहायची. "बघितलं तर माझा नवराही म्हणतो," ती सांगायची, "आणि तिकडे दूध उतू गेलेलं असतं."

सहीसाठी तिने प्रत्येकाला एक बोटभर धातूची किल्ली दिली होती. ती कॉम्प्युटरला लावून तिच्यावर बोट टेकवलं तरच सही उमटायची, त्यामुळे माणूस हजर नसताना त्याची सही करणं कुणाला शक्य नव्हतं. ही किल्ली सगळ्यांकडे होती. फक्त काकांकडे नव्हती.

काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने. साठीला टेकलेले, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. पंपाच्या सॉफ्टवेअरचा गाभा त्यांच्या हातचा. कडीताई नवखी म्हणून आली तेव्हा त्यांनीच तिला शेजारी बसवून कोड वाचायला शिकवलं. "वाचताना लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. माझ्यावरसुद्धा नाही," असं ते तेव्हा म्हणाले होते. किल्ल्या वाटायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी हात जोडले. "एवढीशी वस्तू मी दोन दिवसांत हरवणार. माझी जुनी सही बरी आहे." जुन्या पद्धतीत सहीची गुप्त चावी त्यांच्या कॉम्प्युटरवरच एका फाईलमध्ये असायची. दुसऱ्या कुणी असा हट्ट धरला असता तर कडीताईने त्याला सळो की पळो करून सोडलं असतं. पण काकांना कोण सांगणार? तिने त्यांचा शब्द मोडला नाही. इतक्या दारांना कड्या लावणाऱ्या बाईने एक दार मान ठेवायचा म्हणून नुसतं लोटून ठेवलं.

काकांशी तिचं एकाच गोष्टीवरून भांडण होतं, आणि ते वर्षानुवर्षं चालू होतं. या ऑफिसात प्रत्येक बदलाखाली दोन ओळींची टीप आपल्याच भाषेत लिहायची पद्धत होती. काका टिपेच्या शेवटी एकच शब्द लिहायचे: "तपासल." तपासलं नव्हे, तपासल. केल, काढल, बघितल, सगळी टिंबं गायब. पूर्वी कधीतरी त्यांच्या कीबोर्डावर टिंबाचं बटण अडकायचं, तेव्हापासून त्यांनी जे सोडलं ते सोडलंच.

"काका, एक टिंब दिलंत तर बोट झिजेल का?"

"टिंबावाचून तुला अर्थ कळला की नाही?"

"कळला."

"मग झालं तर."

त्या दिवशी पंपाची नवी आवृत्ती हॉस्पिटलांना जायची होती. सकाळीच काकांच्या सहीचा एक बदल कडीताईकडे मंजुरीला आला. तसा तो लहानसाच होता. पंपाला बाहेरून काही हुकूम आला की "हा हॉस्पिटलच्याच कॉम्प्युटरकडून आलाय ना?" असं विचारणारी एक ओळ होती, ती काढली होती. हीच विचारणा आत आणखी एका ठिकाणी व्हायची, त्यामुळे ही ओळ जादाची आहे हे म्हणणं पटण्यासारखं होतं. सही बरोबर होती. टीपही काकांच्याच धाटणीची: "जुनी ओळ वापरात नाही, काढून टाकली. अनावश्यक काम कमी केलं. तपासलं."

तिने "वाचलं" लिहायला घेतलं आणि तिचा हात थांबला. काय खटकतंय ते तिला पटकन कळेना. तिने टीप पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली आणि तिला ते दिसलं. "केलं"वर टिंब होतं. "तपासलं"वरही होतं.

ती उठून काकांच्या टेबलाशी गेली. "काका, आज टिंबं कशी काय दिलीत?" तिने हसत विचारलं. काकांनी तिच्या हातातल्या टॅबवर तो बदल बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि तिला जिन्यात घेऊन गेले.

"सही माझीच आहे ना?"

"हो."

"मग मीच केलंय. करून टाक मंजूर."

"पण कधी केलंत? का केलंत?"

काका कठडा धरून उभे राहिले. "मला आठवत नाही गं," ते म्हणाले. "आणि हे पहिल्यांदा नाही. गेले काही महिने माझ्या नावावर असे बारीक बारीक बदल दिसतात. मी केल्याचं आठवत नाही. सही तपासतो, तर सही माझीच. रेपो खोटं बोलत नाही, असं तूच सांगतेस ना सगळ्यांना? मग माझं डोकंच खोटं बोलत असणार."

तिने हातातला टॅब बंद केला.

"माझ्या वडिलांचं असंच झालं होतं," काका म्हणाले. "सुरुवात अशीच, बारीकसारीक. शेवटी मी घरात शिरलो की 'कोण पाहिजे आपल्याला?' विचारायचे. हिला मी अजून काही बोललो नाही. एवढी आवृत्ती जाऊ दे, मग मी काम सोडतो. तोवर कुणाला सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो."

"काका, असं काय बोलता!" ती म्हणाली, पण आवाज तिचा तिलाच परका वाटला. ती जागेवर येऊन बसली, उठली, पाणी प्यायला गेली आणि न पिताच परत आली. टिंबाचं बोलावं तर सगळे काकांना विचारणार, आणि काका चारचौघांत उघडे पडणार. गप्प बसावं तर हा बदल संध्याकाळी हॉस्पिटलांकडे निघणार. आणि समजा खरोखरच काकांनी ती ओळ काढली असेल? मग आपण ज्याच्या बोटाला धरून शिकलो त्या माणसाचं डोकं चाललंय, हे जगाला आपणच ओरडून सांगणार. बाईला रडूच येत होतं. पण ऑफिसात रडायचीही सोय नसते.

शेवटी ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मॅडम म्हणजे तिच्या वरिष्ठ, वयाने तिच्याहून लहान, पण हिशोबाच्या पक्क्या. तिथे जावई बसला होता. जावई म्हणजे विक्री विभागाचा माणूस. कुठेही गेला तरी आपली सरबराई व्हावी अशी त्याची अपेक्षा असायची, म्हणून हे नाव. हॉस्पिटलांना आजचा शब्द त्यानेच दिला होता.

"आजचं थांबवायला हवं," कडीताई म्हणाली. "काकांच्या सहीच्या एका बदलाचा मला संशय येतोय."

"कशावरून?"

काकांचं जिन्यातलं बोलणं तिने पोटात ठेवलं. मग सांगण्यासारखं उरलं एकच. "टिपेत टिंबं बरोबर आहेत."

जावई खो खो हसत सुटला. "काकांचं शुद्धलेखन सुधारलं म्हणून रिलीज थांबवायचं? मग पेढेच वाटू..." मॅडमनी डोळे वटारले तसा तो अर्ध्यातच थांबला.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही असंच सगळं थांबवलं होतं. अनोळखी माणूस रेपोत शिरला म्हणून. आणि तो माणूस निघाल्या तुम्हीच, घरच्या कॉम्प्युटरवरून."

हे खरं होतं. तिने स्वतःलाच चोर म्हणून पकडलं होतं, आणि ऑफिस पुढे कित्येक दिवस त्यावर जगलं होतं.

"माझा तुमच्यावर विश्वास नाही असं नाही," मॅडमनी समजुतीचा सूर लावला. "पण टिंब हे कारण मी वर कुणाला सांगू? संध्याकाळपर्यंत काहीतरी ठोस आणा. नाहीतर मंजूर करा."

जेवायच्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग तिने नवऱ्याला फोन लावला. मागे गिऱ्हाईकांचा आवाज येत होता.

"एक विचारते," ती म्हणाली. "समजा एखाद्याला विसरायला व्हायला लागलं, तर त्याच्या सवयी बदलतात का रे? आयुष्यभर एक चूक करत आलेला माणूस एकदम बरोबर लिहायला लागेल का?"

"कोण माणूस?"

"कुणी का असेना. तू सांग."

नवरा एरवी कुचेष्टा केल्याशिवाय बोलायचा नाही, पण तिचा आवाज ऐकून तो गंभीर झाला. "माझ्याकडे एक आजी येतात. स्वतःच्या मुलाला ओळखत नाहीत. मला त्या पोस्टमन समजतात. पण चष्मा काढला की आधी डावी काडी मिटणार, मग उजवी, आणि केसमध्ये उलटाच ठेवणार. वीस वर्षं सांगतोय, काच घासली जाते म्हणून. अजून उलटाच ठेवतात. डोकं विसरतंय त्यांचं, हात नाही विसरत." मग त्याला राहवलं नाही. "काय गं, गॅस बंद केला होतास ना?"

"मरू दे तो गॅस!" असं म्हणून तिने फोन ठेवला. दुकानात नवरा फोनकडे बघत बराच वेळ उभा होता म्हणे.

ती पळतच जागेवर आली. काका विसरत असते तर बदल विसरले असते, वेळ विसरले असते, एखादे वेळी तिचं नावही. पण टिंब न द्यायचं विसरून टिंब दिलं नसतं. तिने रेपोचा इतिहास उघडला आणि काकांच्या सहीचा एकेक बदल मागे मागे वाचत गेली. वर्षानुवर्षांचं "तपासल, तपासल, तपासल". आणि मध्येच, गेल्या काही महिन्यांत, तुरळक "तपासलं". टिंबवाले बदल बाजूला काढले तसे ते एकमेकांशी बोलायला लागले. सुरुवातीचे अगदी निरुपद्रवी, कुणी हरकत घेतंय का हे अजमावायला केल्यासारखे. काकांचं आहे ना, मग ठीक, असं म्हणून लोकांनी ते डोळे झाकून मंजूर केले होते. मग एक बदल आला तो त्या आतल्या विचारणेचा. ती विचारणा दिसायला जागेवर होती, पण अशी सैल केली होती की कुणीही हुकूम दिला तरी तिने होच म्हणावं. आतली कडी आधी खिळखिळी केलेली, आणि आज बाहेरची काढायला आलेले. ती ओळ गेली असती तर जगातला कुठलाही माणूस पंपाला हुकूम सोडू शकला असता.

त्या आतल्या कडीच्या बदलाखाली मंजुरीचा शब्द होता: "वाचलं."

तो तिचाच होता. दुसरं कुणी तो शब्द लिहीतच नव्हतं. तिने वाचलं होतं, पण काकांचं म्हणून वाचलं होतं.

एकदा कुठे बघायचं ते कळल्यावर पुढचं सोपं होतं. टिंबवाले सगळे बदल ऑफिसच्या बाहेरच्या, कुणालाच माहीत नसलेल्या एका कॉम्प्युटरवरून आले होते. काकांच्या फाईलमधली चावी कुणीतरी उचलून नेली होती. चोराने काकांची सही नेली, त्यांची लिहायची ढब नेली, आवडते शब्द नेले. त्यांची चूक न्यायची तेवढी त्याला सुचली नाही.

मॅडमकडे जायच्या आधी ती काकांकडे गेली. ते खुर्चीत नुसतेच बसले होते.

"काका, कीबोर्ड पुढे घ्या. मी सांगते ते लिहा."

"काय आणि?"

"लिहा, 'हे बदल मी केलेले नाहीत. मला काही विसरायला झालेलं नाही. हे काम मी केलं नाही.'"

"खोटं कशाला लिहू?"

"लिहा हो! सगळ्या गोष्टींत वाद घालता."

काकांनी सुस्कारा सोडला आणि लिहिलं. नेहमीसारखं दोन बोटांनी, पडद्याकडे न बघता. मग त्यांनी मान वर केली. पडद्यावर होतं: "हे बदल मी केलेले नाहीत. मला काही विसरायला झालेल नाही. हे काम मी केल नाही."

तिने त्याच्या शेजारी ते सगळे चोरटे बदल उघडले. "वाचा. केलं, काढलं, तपासलं. एक टिंब चुकलेलं नाही. हे ज्याने लिहिलंय त्याला शुद्धलेखन येतं, काका. तुम्हाला येत नाही."

काका पुढे वाकले. पडद्यावर बोट ठेवून ते एकेक टिंब बघत गेले. शेवटच्या टिंबाशी त्यांचं बोट थांबलं.

"म्हणजे मी विसरलो नाही?"

"तुम्ही केलंच नाही, तर आठवणार काय, कपाळ?" ती म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू आवरलं नाही. काकांनी खिशातून रुमाल काढला, तिला दिला, आणि मग त्यांना स्वतःलाच तो लागला.

मॅडमनी त्या बाहेरच्या कॉम्प्युटरच्या नोंदी बघितल्या, पडद्यावरची टिंबं बघितली आणि रिलीज थांबवलं. जावयाने हॉस्पिटलांना फोन करायला घेतले. त्या दिवशी त्याची सरबराई कुणी केली नाही. काकांची जुनी सही रद्द झाली. त्या सहीने आलेला एकेक बदल उपसून काढायचं काम सुरू झालं. "ती जुनी चावी मीच राहू दिली होती," कडीताईने मॅडमना सांगितलं. "आणि त्यातला एक बदल मीच मंजूर केलाय." मॅडमनी दोन्ही गोष्टी टिपून घेतल्या. मग म्हणाल्या, "आधी दुरुस्त करू. रागवायचं ते उद्या रागवते."

संध्याकाळी तिने काकांच्या टेबलावर धातूची किल्ली ठेवली, तिला चांगली जाड दोरी बांधून. काकांनी ती गळ्यातच घातली. सैल केलेली आतली विचारणा पुन्हा घट्ट करायचा बदल त्यांनी स्वतः लिहिला. टिपेच्या शेवटी "तपासल" लिहून ते अडखळले.

"इतकी वर्षं भांडलीस," ते म्हणाले. "देऊ का आता टिंब?"

"खबरदार! टिंब दिलंत तर मंजूर करणार नाही."

काका मोठ्याने हसले. गेल्या काही महिन्यांत ते हसले नव्हते, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. त्यांनी किल्लीवर बोट टेकवलं. तिने तो बदल वरपासून खालपर्यंत वाचला, लिहिणारा कुणी परका आहे असं समजून, आणि मगच खाली आपला शब्द लिहिला.

निघताना काकांनी घरी फोन लावला. "काही नाही गं, सहज केला. मला सगळं आठवतंय, एवढंच सांगायचं होतं." पलीकडे बायकोला त्यातलं काय कळणार? तिने येताना दूध आणायला सांगितलं असावं, कारण काका "हो हो, आणतो," म्हणाले आणि किल्ली शर्टाच्या आत सारून जिना उतरू लागले.

कडीताई दाराशी उभी होती. "काका, दूध विसरू नका हं," हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.